चालू आहे, पण चालत नाही

राउटर साफ बंद पडला तर माझी काही तक्रार नसते. दिवे विझलेले दिसतात, केबलवाल्याला फोन जातो, तो माणूस पाठवतो, विषय संपतो. जीव खातो तो अर्धवट चालणारा राउटर. त्याच्या अंगावरचे सगळे दिवे हिरवेगार. मोबाइलवर वायफायची खूण पूर्ण भरलेली. व्हॉट्सॲपवरची फुलं आणि सुप्रभात वेळच्या वेळी उतरतात. पण विजेचं बिल भरायला घ्या, शेवटच्या पायरीवर ओटीपी टाका, की पडद्याच्या मधोमध ते गोल चक्र फिरायला लागतं. पैसे गेले की नाही हे मग देवाला आणि बँकेलाच ठाऊक.

आमच्या डोंबिवलीच्या घरात हे कधी सुरू झालं यावरही एकमत नाही. बायको म्हणते दिवाळीत. मी म्हणतो गणपतीत, कारण पुण्याच्या भावाला व्हिडिओ कॉल लावून आरती दाखवली, तेव्हा आमच्याकडे प्रसाद वाटून झाला तरी त्याच्या पडद्यावर कापूर जळतच होता. मुलगा म्हणतो, हे असंच होतं पहिल्यापासून, तुम्ही लोक फक्त मेसेज बघता म्हणून कळलं नाही.

इतके दिवस खपून गेलं याचं कारण रीस्टार्ट. बटण बंद करायचं, दहापर्यंत आकडे मोजायचे, बटण चालू करायचं. आमच्याकडे आई सोडली तर दहापर्यंत कुणी मोजत नाही, बाकीच्यांचा धीर चारलाच सुटतो. मोजण्यात तथ्य आहे. बटण बंद केलं तरी आतल्या कंडेन्सरमध्ये थोडी वीज शिल्लक राहते, ती उतरेपर्यंत थांबलेलं बरं. राउटर हा एक छोटा संगणकच असतो. घरातल्या कुठल्या फोनने बाहेर कुणाकडे काय मागितलं याची नोंद तो सतत ठेवत असतो, त्याशिवाय आलेलं उत्तर नेमकं कुणाच्या हातात द्यायचं हे त्याला कळणार नाही. नोंदी साचल्या, मेमरी तुंबली किंवा पेटी तापली की तो गडबडतो. बंद करून चालू केलं की पाटी कोरी होते आणि पेटीही जराशी निवते. तासभर सगळं सुरळीत. म्हणजे उपायाने गुण येतो, आणि गुण येतो म्हणून खोलात कुणी जात नाही. सगळ्या जगात कस्टमर केअरवाले हाच उपाय पहिला सांगतात. तो इतका सारखा लागू पडतो की खरा बिघाड त्याच्या आड महिनोन् महिने आरामात राहू शकतो.

मग घरोघरी असतात तसे आमच्याकडेही तपास अधिकारी तयार झाले. मुलाचं म्हणणं, प्लॅनच भिकार आहे. आमचा प्लॅन 100चा, आणि त्याला गेम उतरवताना दिसतात 12. ते 100 मेगाबिट असतात आणि पडद्यावर दिसतात ते मेगाबाइट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सगळं उत्तम चाललं तरी सेकंदाला साडेबाराच उतरणार, हे त्याला सांगितलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू कंपनीने मला फितवलंय. 2004च्या ब्रॉडबँड धोरणात 256 किलोबिटला ब्रॉडबँड म्हणायचे आणि 2023मध्ये सरकारने ती किमान मर्यादा वाढवून 2 मेगाबिट केली, हेही मी सांगून बघितलं. त्यावर तो म्हणाला, ‘बाबा, सरकार गेम खेळत नाही.’ यावर मला उत्तर सुचलं नाही.

सांगलीहून सासऱ्यांचा निष्कर्ष थेट समुद्रातला. ‘केबल तुटली असणार.’ त्यांचा हा तर्क अगदीच हवेतला नाही. जगाचं इंटरनेट मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या केबलींमधूनच येऊन लागतं. 2008च्या जानेवारीअखेरीस इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ अशा केबली तुटल्या, तेव्हा भारतभर नेट रडतखडत चाललं होतं. सासरे तेव्हा नोकरीत होते आणि त्या आठवड्यात ऑफिसात कुणी काही काम केलं नाही ही आठवण ते आजही आनंदाने सांगतात. फक्त भूमध्य समुद्रात केबल तुटली तर शेजारच्या विंगचंही नेट मंदावायला हवं, एवढी एकच अडचण त्या निष्कर्षात होती.

बायकोचा संशय राउटरच्या जागेवर. तो टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला खेटून, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर बसवलेला. वर आईने विणलेला रुमाल. यातलं प्रत्येक चुकीचं आहे. धातूच्या आडून या लहरी जात नाहीत, आरशामागचा मुलामाही धातूचाच, आणि पाण्याने भरलेली कुठलीही गोष्ट त्यांना शोषून घेते, मग ती फिशटँक असो की मधे उभा राहिलेला माणूस. माणूस मधे उभा राहिला की नेट अडखळतं, हे कळल्यापासून मुलगा मला ‘बाबा, जरा सरका’ म्हणतो, आणि ते मला आवडलेलं नाही.

लहरींचा एक दुसराच त्रास असतो. त्या भिंतींवर आपटून उलटसुलट वाटांनी फोनपर्यंत पोचतात. एकच निरोप चार दारांनी थोड्या थोड्या अंतराने आला तर ऐकणाऱ्याला गोंगाटच ऐकू येणार. या गोंगाटातून मूळ निरोप निवडण्याची एक महत्त्वाची रीत ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत निघाली. तिथल्या जॉन ओसुलिव्हन यांनी पूर्वी रेडिओ दुर्बिणींवर काम केलं होतं. इवल्याशा कृष्णविवरांचा स्फोट झाला तर त्याचा आवाज आकाशातून ऐकू येईल का, हे ते शोधत होते. तो काही सापडला नाही. धूसर झालेला संदेश स्वच्छ करायचं ते गणित मात्र पुढे वायफायच्या कामी आलं, आणि 1996मध्ये त्या संस्थेला त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. तिथल्या शास्त्रज्ञांना आसपासचे मोबाइल आणि त्यांचे टॉवर हीच मोठी डोकेदुखी असते. आकाश ऐकणाऱ्यांच्या कामातून निघालेलं तंत्र आमच्या हॉलमध्ये मालिका दाखवतंय, तेही विणलेल्या रुमालाखालून, याची मला उगाचच थोडी लाज वाटली. राउटर उचलून मी कपाटावर ठेवला. रुमाल टीव्हीवर गेला. आतल्या खोलीत रेंज सुधारली, चक्र मात्र फिरतच राहिलं.

आईचा संशय सगळ्यात सोपा होता. ‘कुणीतरी आपलं नेट वापरतंय.’

मी तिला समजावलं की शेजाऱ्यांचा त्रास होतो, पण तो वेगळ्या तऱ्हेने. वायफायच्या लहरी ज्यातून धावतात तो 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005मध्ये सरकारने परवान्याशिवाय वापरायला मोकळा केला, आणि फुकट जागेचं जे होतं ते झालं. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच, 1, 6 आणि 11. आमच्या एका विंगमधले सगळे राउटर त्या तिघींत कोंबलेले. शिवाय मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात अन्न गरम करतो, म्हणून खालच्या घरात कुणी भात गरम केला तर वरच्याची मीटिंग अडकू शकते. आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तेच म्हणतेय मी. शेजाऱ्यांमुळे.’

वायफायच्या दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर गेलं की ही गर्दी टळते, भिंती ओलांडायची ताकद तेवढी कमी होते. गेलो. फरक नाही.

शेवटी केबलवाल्याचा मुलगा आला. ही मंडळी एकेकाळी टीव्हीची केबल टाकायची. नंतर गच्चीवरून गच्चीवर तांब्याच्या वायरी ओढून नेट द्यायला लागली. वळवाच्या पावसात एक वीज कडाडली की अर्ध्या इमारतीचे राउटर एकदम जायचे, कारण ती लांबलचक वायर वरच्या विजेचा झटका थेट घरात आणून सोडायची. आता काचेचा फायबर आल्यापासून तो रस्ता बंद झाला. मुलाने पिवळी वायर काढून आपल्या मीटरला लावली. ‘मायनस 19. लाइट मस्त येतोय काका. मायनस 27च्या खाली गेला असता तर आमचा प्रॉब्लेम.’ फायबर खिडकीच्या कडेला फार मुडपलेला नाही ना हेही त्याने पाहिलं, कारण काच जास्त वाकवली की उजेड वळणावरून बाहेर सांडतो. मग स्पीड टेस्ट लावली. 94. डॉक्टरसमोर बसलं की खोकला थांबतो, तसं.

‘94च का? 100 का नाही?’ मुलाने पकडलंच. राउटरच्या पोर्टची धाव 100ची असेल तर त्यातले पाच-सहा पत्ते-बित्ते लिहिण्यातच जातात, असं त्या पोराने फार छान सांगितलं. आणखीही एक सांगितलं. मोठ्या प्लॅनवाल्या घरात कधीकधी नेमका हाच 94चा आकडा दिसतो, तेव्हा तो राउटरला हात न लावता आधी वायरच्या टोकाचा कनेक्टर बघतो. आत आठ तारा असतात. 100ला चार पुरतात, हजाराला आठही लागतात. वरच्या चारांतली एक तार तुटली की दोन्हीकडची यंत्रं कुरकुर न करता 100वर उतरतात आणि घरमालक कंपनीला शिव्या देत बसतो. हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून नाही, जिने चढून आलेलं होतं. जाताना मात्र तो नेहमीचं वाक्य बोललाच. ‘आमच्याकडून ओके आहे.’

आणि तो खरं बोलत होता. प्रश्न एवढाच उरला की बिघाड उंबऱ्याच्या आत आहे की बाहेर. याला एक साधी परीक्षा आहे आणि ती कुणी सांगत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. लॅपटॉप वायरने राउटरला जोडायचा, म्हणजे भिंती, शेजारी आणि मायक्रोवेव्ह एका दमात बाद. मग राउटरलाच पिंग करायचं, म्हणजे नुसतं ‘आहेस का?’ विचारायचं. बहुतेक घरांत त्याचा पत्ता 192.168.1.1 किंवा त्याचाच भाऊबंद असतो, आणि राउटरच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवर तो छापलेला असतो. ही हाक घराबाहेर जातच नाही. हातभर वायरीतून गेली आणि आली. उत्तर एका मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवं. आमच्याकडे दोन-तीन उत्तरं चटकन यायची, मग एक सातशे मिलिसेकंदांनी, मग एकाचा पत्ताच नाही, मग परत शहाण्यासारखी चटकन. वर्सोवा सुटला, अलेक्झांड्रिया सुटलं, सांगलीला तसं कळवलं.

मग मित्राकडून त्याच व्होल्टचा ॲडॅप्टर मागून आणला, कारण कित्येकदा राउटर धड असतो आणि 12 व्होल्टच्या ऐवजी ॲडॅप्टर दहा-अकराच देत असतो. फरक पडला नाही. तेव्हा पेटी पिशवीत घालून स्टेशनजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने झाकण उघडलं, आत न बघताच म्हणाला, ‘कंडेन्सर असेल,’ आणि मग बघितलं. एक काळा डबा डोक्यावर टम्म फुगलेला. त्याचं काम वीज सपाट करून देणं. आतला ओलावा उष्णतेने सुकत जातो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं असा या धंद्यातला आडाखा आहे. सेट-टॉप बॉक्सच्या गरम डोक्यावर, रुमालाखाली, डोंबिवलीच्या मे महिन्यात. घरातले सगळे एकदम काही मागायला लागले की आतल्या वीजपुरवठ्यात चढउतार व्हायचे आणि चिपला भोवळ यायची. 2000नंतरच्या काही वर्षांत तैवानचे खराब कंडेन्सर लागलेले कॉम्प्युटर बोर्ड त्याच्याकडे रांगेने यायचे, सगळे असेच फुगलेले, हे सांगताना त्याचा चेहरा जुन्या चांगल्या दिवसांची आठवण निघाल्यासारखा झाला. डागणी तापवली, नवा कंडेन्सर टाकला, आणि भाग आणि मजुरी मिळून जे मागितलं त्यात स्टेशनवर दोघांचा नाश्ताही झाला नसता. नवा राउटर घ्या, असं तो एकदाही म्हणाला नाही, हे मला विशेष वाटलं.

दुरुस्तीत त्याने राउटर रीसेटही केला होता. त्यामुळे घरी आल्यावर सगळं नव्याने बसवताना नवा पासवर्ड ठेवावा लागला. नेट धावायला लागलं. बायकोच्या मते कपाटावर ठेवल्यामुळे. मुलाला वाटतं त्याने केबलवाल्याला 94वरून टोकलं म्हणून कंपनीने वरून काहीतरी केलं. कंडेन्सरची गोष्ट मी जेवताना सांगितली, तेव्हा आमटी वाढ असं कुणीतरी कुणाला तरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या घरातला सातवीतला मुलगा दारात आला. मला ओलांडून त्याने आत बघितलं आणि हाक मारली, ‘आजी, तुमच्या नेटचा पासवर्ड बदललात का? माझा प्रोजेक्ट अडकलाय.’

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझ्याकडे एकदा बघितलं, चष्मा लावला, आणि राउटरची चिठ्ठी शोधायला लागली. ‘देते रे बाळा. पण रात्री दहानंतर नाही हं, आमच्या साहेबांची मीटिंग असते.’