पावसाआधी दोन डिस्क, दोन घरं

लॅपटॉपला बारा महिने जोडून ठेवलेली हार्ड डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. मे संपताना गडगडाट सुरू होतो, जवळच कुठेतरी वीज पडते, आणि चार्जरमधून घुसलेला झटका लॅपटॉप आणि डिस्क दोन्ही घेऊन जातो. इतक्या जवळच्या विजेपुढे साधा स्पाइकबस्टर टिकत नाही. प्लग उपटायचा, आणि राउटरची लॅन केबलही काढायची. घरात आलेल्या फायबरमधून वीज येत नाही हे खरं, पण राउटरचा अॅडॉप्टर भिंतीतल्याच सॉकेटात असतो आणि लॅन केबल तांब्याची असते. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

म्हणून एकेक टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्क घ्या. एक घरात, एक दुसऱ्या गावात. गोव्यात फोंड्याला राहणाऱ्याने साखळीला बहिणीकडे ठेवली तरी चालेल. अदलाबदलीसाठी वेगळी तारीख लक्षात ठेवायला नको: चवथीला मूळ घरी जाणं होतंच, मग दिवाळी, गावची जत्रा, शिगमो. ताजी डिस्क न्यायची, जुनी परत आणायची. मधल्या काळातल्या नव्या फाइल्ससाठी क्लाउड.

पण क्लाउडवर सगळा भार टाकू नका. गूगलची फुकट जागा 15 जीबी, आणि तीत ड्राइव्ह, जीमेल, फोटो सगळेच वाटेकरी. अपलोडचा वेग 10 एमबीपीएस असेल तर 50 जीबी चढायला अकरा तास लागतात, तेही मध्ये लाइट गेली नाही तर. शिवाय सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे फोल्डर उडवला की तिथलाही उडतो. ड्राइव्हच्या कचरापेटीत तो 30 दिवस राहतो, नंतर कायमचा गेला. रॅन्समवेअरने, म्हणजे फाइल्स अडवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, कुलूपबंद केलेल्या फाइल्सही तशाच निमूटपणे वर चढतात.

विंडोजमधली फाइल हिस्टरी ही बॅकअपची सोय वाईट नाही. दर तासाला बदललेल्या फाइल्सची नवी आवृत्ती ठेवते. मेख अशी, की ती आपण होऊन फक्त लायब्ररी, डेस्कटॉप वगैरे ठरावीक जागाच पाहते. डी ड्राइव्हवरचा ‘घराचे कागद’ फोल्डर, ज्यात जमिनीचे एक-चौदाचे उतारे आणि आजोबांच्या वेळच्या पोर्तुगीज खतांचे स्कॅन आहेत, तो लायब्ररीत घातल्याशिवाय तिला दिसतच नाही.

मला स्वतःला फ्रीफाइलसिंक हे फोल्डर जुळवणारं सॉफ्टवेअर बरं वाटतं. डावीकडे लॅपटॉपचा फोल्डर, उजवीकडे डिस्कचा. आधी तुलना करायची, काय पुसलं जाणार आहे ते डोळ्यांनी पाहायचं आणि मगच सिंक दाबायचं. ‘मिरर’ निवडलंत तर डावीकडे नसलेलं सगळं उजवीकडून निघून जातं. डाव्या-उजव्याची गल्लत झाली तर रिकामा फोल्डर भरलेल्या फोल्डरवर फिरतो. म्हणून सुरुवातीला उजवीकडचं काही न पुसणारं ‘अपडेट’च वापरा. मिरर हवंच असेल तर सेटिंगमध्ये पुसलेल्या आणि बदललेल्या फाइल्सचं व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपणं) चालू करून त्यांना वेगळा फोल्डर द्या.

300 जीबी कॉपी करायला जुन्या यूएसबी 2 पोर्टवर अडीच तासांच्या आसपास लागतात, यूएसबी 3 वर तासाभरात होतं. बारीकसारीक हजारो फोटो असतील तर दोन्हीकडे जास्त वेळ धरा. डिस्क फॉरमॅट करताना, ती फक्त विंडोजवर वापरायची तर एनटीएफएस निवडा. मॅकलाही जोडायची तर एक्सफॅट, पण त्यात ‘सेफली रिमूव्ह’ न करता केबल ओढली तर फाइल्सची यादीच बिघडण्याची भीती जास्त. फॅट 32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही; लग्नाचा व्हिडिओ अडतो तो तिथेच. दुकानाचा हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर टॅलीतला स्वतःचा बॅकअप घ्या. चालू असलेल्या टॅलीचा फोल्डर उचलून कॉपी केला तर डेटा अर्धवट येऊ शकतो.

आता दमट हवेचं. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यामुळे जुलैतली ओल हळूहळू आत पोचते, आणि किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेने यूएसबीची टोकं गंजतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि आत सिलिका जेलची पुडी, एवढं पुरतं. नारिंगी दाणे घ्या. रंग बदलला की सुकवायचे. निळ्या दाण्यांतलं कोबाल्ट विषारी असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. तांदूळ तर मुळीच नको, त्यातून पीठ आणि पोरकिडेच मिळतील. एसीच्या खोलीतून डिस्क बाहेर काढली तर तासभर बंद पिशवीतच राहू द्या, म्हणजे बाष्प पिशवीवर धरेल, डिस्कवर नाही. कपाटात ठेवायला एसएसडीपेक्षा (चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कपेक्षा) हार्ड डिस्क बरी. वीज न मिळता एसएसडी फार काळ पडून राहिली तर त्यातला डेटा विरत जातो.

तीन महिन्यांतून एकदा डिस्क दुसऱ्याच कॉम्प्युटरला जोडून दहाएक फाइल्स उघडा: सर्वात जुना फोटो, सर्वात मोठा व्हिडिओ, एखादी झिप. डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर हवी. त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलेली की अडीनडीला कामाची नाही. त्याच वेळी डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा, आकडा बघा. शून्याऐवजी काही दिसलं आणि पुढच्या खेपेला ते वाढलं, तर नवी डिस्क मागवा आणि जुनीवरचं सगळं आधी हलवा.

टक-टक आवाज आला तर ताबडतोब केबल काढा. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवू नका, फ्रीजरमध्ये ठेवू नका, पुन्हा जोडून ‘चालते का’ बघू नका. प्रत्येक खेपेला आतलं वाचणारं हेड डेटाच्या तबकडीवर आणखी घासतं, आणि रिकव्हरीवाल्यालाही मग हात वर करावे लागतात.