कितवा दिवस चालू आहे?

दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या गावात द्राक्षाच्या सल्ल्याला कधी तोटा नव्हता. सकाळी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की औषध दुकानदाराची जाहिरात, सांगलीच्या कुणा पाहुण्याने फॉरवर्ड केलेलं फवारणीचं वेळापत्रक आणि मध्ये मध्ये 'शुभ सकाळ'ची फुलं. शेतकरी गटाने हा ग्रुप माझ्या गळ्यात घातला, कारण मी कृषी पदवीधर आणि त्यांच्या मते घरी रिकामीच.

खरी गोम छाटणीत होती. म्हणायला ऑक्टोबर छाटणी, पण कुणी सप्टेंबरातच कात्री लावतो, कुणी नोव्हेंबर उजाडू देतो. त्यामुळे एकाच दिवशी एकाची बाग पोंग्यात, म्हणजे नुकते डोळे फुटलेली, तर बांधापलीकडची फुलोऱ्यात. दोघांना एकच मेसेज काय कामाचा? इथे दोन बागायतदार भेटले की तब्येतीच्या आधी विचारतात, "कितवा दिवस चालू आहे?" म्हणजे छाटणीपासूनचा. मग मीही तिथूनच सुरुवात केली. सोसायटीच्या ओट्यावर वही घेऊन बसले, प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख लिहून घेतली आणि छाटणीच्या आठवड्यानुसार ब्रॉडकास्ट याद्या पाडल्या, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळा जातो.

आता यात एक मेख आहे. समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल, तर ब्रॉडकास्ट त्याला पोचतच नाही. म्हणून घरोघरी जाऊन फोन हातात घ्यावे लागले. "फोन पोराकडंय, अन् पोरगं नाशिकला कॉलेजात," हेही खूप ऐकलं. बटणाचा फोन असलेल्यांना किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर लावून दिला. तो टोल फ्री आहे, सकाळी ६ ते रात्री १० चालतो आणि मराठीत बोलता येतं.

मंगळवार-शुक्रवारचं हवामान पत्रक आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला वाचायचा, त्यातलं आपल्या यादीपुरतं उचलायचं आणि संध्याकाळी मिनिटभराच्या आत बोलून पाठवायचं. लिहिलेलं कुणी वाचत नव्हतं. आवाज मात्र ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, भरता भरताही ऐकतात. औषधाचं नाव घेतलं की काढणीआधी किती दिवस ते बंद करायचं, हेही त्याच दमात सांगते. माल युरोपला जायचा तर रेसिड्यूवर, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशावर, सगळं अडतं. यावरून एक दुकानदार माझ्यावर फुगून आहे. असू दे.

फोटोंनी जास्त घाम काढला. "काहीतरी आलंय, बघा" म्हणून अख्ख्या बागेचा फोटो यायचा, त्यात निम्मं आभाळ! मग सांगितलं, सकाळी दव असताना जा, डागाचं पान उलटं करा, ऊन मागे ठेवून जवळून काढा. वर पिवळसर तेलकट डाग आणि बरोबर त्याच्या पाठीमागे पांढरी बुरशी असेल तर डाऊनी, म्हणजे केवडा रोग. पानावर पिठूळ पांढरट थर असेल तर बहुधा भुरी रोग. आमचे नाना आता पान उलटं केल्याशिवाय फोनच काढत नाहीत.

पण डाग आधी दिसतो तो मालकाला नव्हे. पेठ-सुरगाण्याहून मजुरीला येणाऱ्या बाया विरळणी करताना, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढताना, घडन् घड हाताळतात. त्यांच्या नजरेतून सुटत नाही, पण त्यांना विचारतं कोण? यंदा त्यांच्या मुकादमाचा आणि दोघीतिघींचे नंबर यादीत घेतले आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून आलेला फोटो मालकाच्या फोटोच्या दोन दिवस आधीचा होता.