बांधकामात मोजले गेलेले सूत

२०१७ च्या मे महिन्यात इचलकरंजीच्या एका प्रभागाचा तक्ता माझ्यापुढे होता आणि त्यातील एका ओळीवर मी फार खूश होतो. आमच्या महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागाने सहाव्या आर्थिक गणनेची आस्थापनानिहाय माहिती घेऊन शहरातील उद्योगांचा वस्तीपातळीवर अभ्यास करायला घेतला होता. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या गावाचा श्वास मागांच्या खडखडाटावर चालतो. त्यामुळे वस्त्रोत्पादनाचा १३ हा संकेतांक पानोपानी दिसणार, हे ठरलेलेच होते. या प्रभागातील एका गणना-गटात (गणनेसाठी पाडलेल्या घरांच्या एका गटात) मात्र ४३ हा संकेतांक पुन्हा पुन्हा येत होता. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात ४३ म्हणजे विशेष स्वरूपाची बांधकामे.

आम्ही आर्थिक गणनेकडेच का वळलो, हे सांगायला हवे. वार्षिक उद्योग पाहणी ही तेव्हा मुख्यतः कारखाने अधिनियमाखाली नोंदलेल्या कारखान्यांची असे. गणनेच्या वेळी त्या नोंदणीची अट अशी होती: वीज वापरत असाल तर किमान दहा कामगार, नसाल तर वीस. इचलकरंजीत एकाच शेडमध्ये तीन-चार मालकांचे माग शेजारी शेजारी चालतात, प्रत्येकाचा मीटर वेगळा असतो, आणि शेडचा मालक आणखी वेगळाच कोणीतरी असतो. त्यातच वीजदराची सवलत २७ अश्वशक्तीच्या आत आणि बाहेर अशी विभागलेली असल्यामुळे त्या रेषेच्या अलीकडे राहण्यात अनेकांचे हित असते. (उद्योगाचा आकार बाजार ठरवतो, असे मी वर्गात शिकवतो, इथे तो बऱ्याच अंशी मीटर ठरवतो.) अशा गावाचे चित्र कारखान्यांच्या पाहणीत उमटत नाही. आर्थिक गणना मात्र पीक उत्पादन, सार्वजनिक प्रशासन अशी मोजकी क्षेत्रे वगळून घरोघर जाते आणि ओसरीवर शिलाई यंत्र चालवणाऱ्या बाईचीही आस्थापना म्हणून नोंद घेते. सहाव्या गणनेत देशभरात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना नोंदल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे ६१ लाख महाराष्ट्रातील होत्या, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या खालोखाल.

तर त्या ४३ च्या ओळींवरून मी अहवालात एक झकास परिच्छेद लिहिला होता. यंत्रमागाला मंदी, त्यामुळे भांडवल आणि मनुष्यबळ बांधकामाकडे वळलेले, लहान कंत्राटदार घरातूनच धंदा करणारे, वगैरे. नोटाबंदीला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते आणि मंदीची भाषा सगळ्यांच्याच तोंडी होती. गणना तीन-चार वर्षांपूर्वीची आहे, याचा सोयीस्कर विसर मला पडला होता. त्या ओळींत आणखी दोन गोष्टी दिसत होत्या. जवळपास सगळ्या आस्थापना घराच्या आत चालणाऱ्या होत्या, आणि पगारी माणूस एकही नसताना प्रत्येकीत बहुधा एक पुरुष व एक स्त्री काम करत होती. हे मला खटकायला हवे होते. खटकले ते माझ्या एका विद्यार्थिनीला. ‘सर, घरात बसून बांधकाम कसं करतात?’ असे तिने विचारले आणि मी ‘कंत्राटदार असतील’ म्हणून तिला गप्प केले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आम्ही दोघे आणि तिचा एक वर्गमित्र त्या वस्तीत गेलो.

गणनेच्या उपलब्ध माहितीत नाव नसते, पत्ता नसतो. गणना-गट कळतो, घर कळत नाही. त्यामुळे आम्ही गल्लीच्या एका टोकापासून दार वाजवत निघालो. तिसऱ्या घराच्या पुढच्या खोलीत लाकडी चौकटीवर सुताचा बीम, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ, टेकवलेला होता. बाजूला भिंतीशी स्टूल टाकून पन्नाशीची एक बाई बसली होती आणि समोर तिचा नवरा. ती ताण्यातील एकेक धागा वेगळा करून पुढे करत होती, तो वहीच्या (मागावर ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या) डोळ्यातून बारीक हूक घालून धागा ओढून घेत होता, आणि त्यानंतर तोच धागा फणीच्या फटीत जात होता. दोघांचे हात इतक्या लयीत चालले होते की आमच्याशी बोलतानाही ती लय तुटली नाही. बीममध्ये हजारो धागे असतात. एक चुकला तर कापडात तो शेवटपर्यंत चुकलेला राहतो.

‘मावशी, हे काय काम म्हणायचं?’ मी विचारले.

‘बीम भरतोय की.’

माझी विद्यार्थिनी माझ्याकडे पाहू लागली. स्लॅब भरणे, कॉलम भरणे, बीम भरणे! गणनेच्या अर्जात प्रगणकाने ‘बीम भरणे’ हेच शब्द जसेच्या तसे उतरवले असतील आणि यंत्रमाग कधी न पाहिलेल्या कोणीतरी टेबलावर बसून त्यांना बांधकामाचा संकेतांक दिला असेल. माझ्या हाती याचा लेखी पुरावा नाही, पण पुढच्या दीड तासात त्याच गल्लीत आणखी बऱ्याच घरांतून आम्हाला तेच काम दिसले आणि तेच उत्तर ऐकू आले.

‘याला वहिफणी म्हणतात ना?’ निघताना मी विचारले.

‘व्हय, वहिफणीच. पण ते तुमच्यासारख्या बाहेरच्या माणसाला काय कळणार? म्हणून सोपं करून सांगितलं.’

संध्याकाळी मी तो परिच्छेद काढून टाकला आणि दुरुस्तीला बसलो. संकेतांक ४३, जागा घराच्या आत, पगारी कोणी नाही, काम करणाऱ्यांत किमान एक स्त्री: या चारही अटी जुळतील त्या ओळी १३ मध्ये घ्यायच्या, असा नियम केला. नियम लावल्यावर तक्ता ओळखीचा दिसू लागला आणि मी पुन्हा खूश झालो. तेवढ्यात विद्यार्थिनीने तिच्या वहीतील एक नोंद पुढे केली. गल्लीच्या शेवटच्या घरात सेंट्रिंगचा एक खरा ठेकेदार राहत होता. माणसे तो रोज नाक्यावरून उचलतो, कायमचा कोणी ठेवत नाही, आणि हिशेब त्याची बायको घरी लिहिते. म्हणजे घराच्या आत, पगारी कोणी नाही, एक पुरुष, एक स्त्री.

त्या गणना-गटातील इतक्या सारख्या ओळींपैकी त्याची ओळ कोणती, हे शोधायला माझ्याकडे काहीच नव्हते. अहवालात त्या गटासाठी आम्ही शेवटी दोन स्तंभ दिले, एक मूळ संकेतांकाप्रमाणे आणि एक आमच्या नियमाप्रमाणे, आणि खाली लिहिले की दुसऱ्या स्तंभातील वस्त्रोद्योगात निदान एक घर बांधकामाचे आहे.