नवे लेबर कोड: पीएफचं नंतर बघा, आधी ग्रॅच्युइटीचा हिशोब मांडा

अंबड एमआयडीसीतल्या सात-आठ छोट्या कारखान्यांचे पगार मी करते. 21 नोव्हेंबर 2025 ला चारही लेबर कोड, म्हणजे कामगारांसाठीचे नवे एकत्रित कायदे, लागू झाले, जुने 29 कायदे त्यात गेले, आणि तेव्हापासून प्रत्येक मालकाचा फोन एकच, मॅडम पीएफ किती वाढणार? अहो, खरा बोजा ग्रॅच्युइटीत आहे, म्हणजे माणूस नोकरी सोडताना द्यायच्या एकरकमी पैशात.

एक स्लिप घेऊ. सुपरवायझर, एकूण 40,000, बेसिक 14,000, बाकी 26,000 घरभाडं, कन्व्हेयन्स वगैरे. आता वेजेसमधून, म्हणजे पीएफ-ग्रॅच्युइटी ज्या पगारावर मोजतात त्यातून, वगळायचे असे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरची रक्कम वेजेसमध्येच धरायची, म्हणजे 6,000 परत आत आले आणि वेजेस झाले 20,000. पीएफ जास्तीत जास्त 15,000 वेजेसच्या लिमिटवरच भरत असाल तर 1,680 चे 1,800 होतील, बस. पण तोच माणूस 12 वर्षांचा जुना असेल तर ग्रॅच्युइटी साधारण 96,900 वरून 1,38,400 वर जाते, कारण ती शेवटच्या वेजेसवर मागच्या सगळ्या वर्षांची निघते, वर्षाला 15 दिवस, महिना 26 दिवसांचा धरून. असे दहा जुने लोक असतील तर चार लाखांच्या वर फरक, आणि त्याची तरतूद कुठल्याच वहीत नाही. फिक्स्ड टर्मवाल्यांनाही, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावर असलेल्यांनाही, आता पाच नाही, एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे, त्यांचीही नावं लिस्टमध्ये घ्या.

अपॉइंटमेंट लेटर सगळ्यांना द्यायचंय, वर्षानुवर्षं तोंडी बोलीवर असलेल्यांनाही. ते एका दिवसाचं काम आहे, करून टाका.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते फुल अँड फायनल. माणूस सोडून गेला किंवा काढला, तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा पगार चुकता करायचा. माझ्या वडिलांनी एका कारखान्यातून काम सोडलं तेव्हा शेवटच्या महिन्याच्या पगारासाठी ते पाच महिने गेटवर जात होते, डबा नाही, नुसती पिशवी आणि त्यात जुनी हजेरीची कार्डं. म्हणून मी मालकांना सांगते की हजेरी आणि ओव्हरटाइम रोज संध्याकाळी सिस्टिमला चढवा, अॅडव्हान्सची वही आठवड्याला जुळवा, महिनाअखेरची वाट बघू नका, नाहीतर दोन दिवसांत हिशोब निघणारच नाही.

ज्यांना ग्रॅच्युइटीची शीट हवीय त्यांनी जॉइनिंग तारखा आणि आत्ताच्या स्लिपा काढून ठेवा, शनिवारी बसूया.