अर्ध्यावर थांबलेली वाइन

वाइनचा ग्लास नाकाशी नेला की जाणकारांना त्यात चेरी, चामडं, ओली माती, काय काय सापडतं. मला आपली वाइनच सापडते. मस्कॅट या जातीच्या द्राक्षांच्या वाइनपुढे मात्र माझ्यासारख्याचीही अब्रू राहते, कारण तिला चक्क द्राक्षांचा वास येतो. आता द्राक्षांच्या पेयाला द्राक्षांचा वास येण्यात नवल ते काय? पण आहे. बहुतेक द्राक्षं आंबता आंबता आपली ओळख विसरतात. मस्कॅटमध्ये मात्र लिनालूल हे सुगंधी द्रव्य भरपूर असतं. लव्हेंडरच्या फुलांत आणि धन्यातही तेच असतं. आंबवल्यावरही ते बऱ्यापैकी टिकतं.

गोडवा टिकत नाही. मोकळं सोडलं तर यीस्ट साखर फस्त करून मोकळं होतं. म्हणून दक्षिण फ्रान्समध्ये, बोम-द-व्हनीझ, रिव्हझाल्त या भागांत, रस अर्धामुर्धा आंबला की त्यात द्राक्षांचाच कडक मद्यार्क ओततात. रसाच्या जास्तीत जास्त दहाव्या हिश्शाइतका. यीस्टचा कारभार तिथेच आटोपतो, पिंपातली बुडबुड शांत होते. अल्कोहोल 15 टक्क्यांच्या आसपास पोचतं आणि लिटरमागे निदान 100 ग्रॅम साखर शाबूत राहते. या क्रियेला ‘म्युताज’ म्हणतात, आणि तिचं श्रेय तेराव्या शतकातल्या माँपेलिएच्या अर्नाल्दुस द व्हिलानोव्हा या वैद्याला दिलं जातं. गंमत म्हणजे या वाइनचं अधिकृत नाव ‘नैसर्गिक गोड वाइन’! बाहेरून मद्यार्क ओतायचा आणि वर निसर्गाचं नाव सांगायचं. पण साखर द्राक्षाचीच असते, तेव्हा नाव अगदीच खोटं नाही.

पोर्तुगालच्या सेतूबालमध्ये मद्यार्क ओतल्यावरही सालं महिनोन्‌महिने तशीच मुरू देतात. त्यामुळे तिथल्या वाइनला संत्र्याच्या सालीसारखा किंचित कडवट दर्प येतो. तो मला आवडतो. नुसत्या गोडाला जरा टोकणारं कुणी तरी हवंच.

ऑस्ट्रेलियातल्या रदरग्लेनचा खाक्या वेगळा. तिथे तपकिरी सालीचं मस्कॅट वेलीवरच सुरकुतू देतात. रस आंबायला लागतो न लागतो तोच मद्यार्क पडतो, आणि मग पिंपात वर्षानुवर्षं मुक्काम. ‘रेअर’ या सर्वांत वरच्या दर्जासाठी सरासरी वय वीस वर्षांहून जास्त लागतं. उन्हाळ्यागणिक पिंपातून थोडं उडून जातं, उरलेलं दाट होत जातं. ग्लास तिरका केला तर काचेवरून काकवीसारखा ओघळ सावकाश उतरतो, आणि काठाशी पाहिलं तर तपकिरीत हिरवट झाक दिसते. वास मनुकांचा, कॉफीचा, जळक्या साखरेचा. ज्या द्राक्षांच्या वासावरून मी मस्कॅट ओळखतो म्हणून मिरवत होतो, तो एव्हाना जवळजवळ विरलेला असतो.

ग्लास संपतो. बोटं एकमेकांना चिकटलेली असतात.