नर्स आपण घडवायची, सेवा तिकडे

आज म्हापशात शेजारच्या मावशींना घेऊन बँकेत गेले होते. त्यांची लेक नर्स, इंग्लंडला असते. दर महिन्याला पैसे येतात, घराचं नवं छप्पर त्यातूनच झालं. पण मावशींचा बीपी बघायला घरात कोणी उरलं नाही.

जाणाऱ्या पोरींना मी मुळीच दोष देणार नाही. कंत्राटी पगारात कुणी किती दिवस काढायचे? पण बीएस्सी नर्सिंगला ४ वर्षं लागतात, सरकारी कॉलेजात त्याचा बराचसा भार आपणच उचलतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली परदेशी भरतीसाठी आचारसंहिता केली खरी, पण ती ऐच्छिक! तयार नर्स नेणाऱ्या देशांनी इथल्या नर्सिंग शिक्षणाला पैसा दिलाच पाहिजे. आणि आपल्या सरकारने आधी रिकाम्या जागा कायमस्वरूपी भराव्यात.