जो तो ‘जो’च!

सॅन फ्रान्सिस्कोचे पहिले चार दिवस एका दमात उरकतो: पूल धुक्यात गडप, केबल कारला ही रांग, जेवण महाग. पाचव्या दिवशी दादा म्हणाला, “चल, तुला डिमॅजिओंचा, त्या बेसबॉलवाल्या भावांचा, मोहल्ला दाखवतो.” दादा सतरा वर्षं फ्रीमाँटला आहे. बेसबॉलवर बोलायला लागला की थांबत नाही, आणि मी मध्येच क्रिकेट काढलं की चिडतो.

नॉर्थ बीच म्हणतात, पण बीच कुठेच नाही. मैदान म्हणावं तर जाळीआडची डांबरी कोर्टं. फाटकावर नाव: जो डिमॅजिओ.

सिसिलीहून आलेल्या जुझेप्पे नावाच्या कोळ्याची नऊ मुलं. पाच मुलगे. दोघं मासेमारीत राहिले. व्हिन्स, जो आणि डॉम हे तिघंही मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये पोचले, तिघंही सेंटर फील्डवर, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध. जोला होडीवरच्या वासाने मळमळायचं. 1932 मध्ये इथल्या सील्स संघाला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या तळामधला क्षेत्ररक्षक) हवा होता, तेव्हा व्हिन्सनेच धाकट्याचं नाव सुचवलं. आणि आज पाटीवर कोण? मला रागच आला. शाळेत दहा वर्षं “अमक्याचा भाऊ ना रे तू?” ऐकलेल्या माणसाला हा राग कळेल.

दादाने मग तिथेच, जाळीला टेकून, 1949 ची गोष्ट सांगितली. चश्मेवाला डॉम बोस्टनकडून सलग 34 सामन्यांत हिट मारून बसलेला. (हिट म्हणजे असा फटका की मारणारा सुखरूप तळावर पोचतो.) 9 ऑगस्टला समोर जोचा संघ, यँकीज. शेवटच्या बॅटिंगला डॉमने सणसणीत फटका मारला, तो थेट सेंटर फील्डकडे. तिथे उभा होता सख्खा भाऊ. झेल. हिटची मालिका खलास. तरी बोस्टनचा सलग हिटचा विक्रम आजही डॉमच्याच नावावर आहे.

“तू माझा कॅच सोडला असतास?” मी विचारलं.

“गल्लीतल्या टेनिस बॉलचा तरी कधी सोडला का?”

खरं होतं. वर आउट झाल्यावर मला बॉल आणायलाही तोच पिटाळायचा.

टेलर स्ट्रीटवर त्यांचं घर होतं. तिथून उतार धरला की पंधरा-वीस मिनिटांत कोळ्यांचा धक्का. 1941 मध्ये जोने सलग 56 सामन्यांत हिट मारून अख्ख्या अमेरिकेला वेड लावलं होतं. पुढच्याच वर्षी, इटलीशी युद्ध आणि नागरिकत्व नाही म्हणून, त्याच्या बापाला या धक्क्यावर पाऊल ठेवायला बंदी. हे सांगताना दादाचा आवाज उतरला. त्याच्या ग्रीन कार्डाची फाइल किती वर्षं अडकलीय, हे मी मुद्दाम विचारलं नाही.

धक्क्यावर गोल पाव पोखरून त्यात शिंपल्यांचं घट्ट सूप देतात. आंबट पाव मस्त, सूप मैद्याचं पिठलं. या वेळी पैसे मीच देणार म्हणून घाईघाईने कार्ड पुढे केलं. चाललं नाही. दादाने दिले.